कॉर्ड बदलली की सोलोही बदलला पाहिजे

गिटार शिकायला येणाऱ्या बहुतेक पोरांना ए मायनर पेंटाटॉनिक ही पाच सुरांची स्केल तोंडपाठ असते. पाचव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेले घर) बोटं सुसाट पळतात, पण मागे कोणती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, चाललीय याचा त्या पळण्याशी काही संबंध नसतो. सोलापुरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवा नाहीतर हुतात्मा स्मृती मंदिरात, समोरच्या माणसाला स्केलचं नाव माहीत नसतं. सूर कॉर्डवर बसला की नाही, हे मात्र त्याला बरोबर कळतं.

आधी साथ तयार करा. ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन, परत ए मायनर. प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. सोळा मात्रांचं आवर्तन झालं, म्हणजे तीनताल ऐकलेल्याला सम कुठे येते ते सांगायला नको. मेट्रोनोम (ठेक्याचे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून मोबाइलवर दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा. नेटवरचे तयार ट्रॅक सुरुवातीला घेऊच नका. स्वतः वाजवलेल्या साथीत कॉर्ड कधी पालटते ते अंगात भिनतं.

आता लीड, म्हणजे साथीवर वाजणारी सुरावट. प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या मात्रेवर एकच सूर वाजवायचा आणि उरलेल्या तीन मात्रा तो नुसता ऐकायचा. सूर घ्यायचा कॉर्डचा तिसरा (कॉर्डच्या नावाच्या सुरापासून मोजून), कारण कॉर्ड मेजर की मायनर हे तोच ठरवतो. बारीक तार पहिली धरली तर ए मायनरचा सी तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, डी मायनरचा एफ दुसऱ्या तारेवर सहाव्याला आणि ई सेव्हनचा जी शार्प पहिल्या तारेवर चौथ्याला. शेवटच्या ए मायनरला मात्र तिसऱ्याऐवजी त्याच तारेवर पाचव्या फ्रेटचा ए घ्या. हात जवळपास जागचा हलत नाही. आठवडाभर एवढंच करा. कंटाळवाणं वाटेल, पण कान इथेच तयार होतो.

खरी मेख ई सेव्हनवर आहे. पेंटाटॉनिकमध्ये साधा जी असतो आणि कॉर्डमध्ये जी शार्प. ई सेव्हन वाजत असताना पहिल्या तारेवर तिसरा फ्रेट दाबून सूर लांबवा. दोन सूर एकमेकांना घासताना स्पष्ट ऐकू येतात. मग बोट चौथ्यावर सरकवा. घासणं थांबतं आणि सूर पाचव्या फ्रेटकडे, ए कडे ओढ घेतो. ब्लूज ही अमेरिकी शैली वाजवणारे तोच साधा जी मुद्दाम वापरतात आणि तो तिथे शोभतोही. पण आपल्या चित्रपटगीतांत या जागेला बहुतेक वेळा जी शार्पच हवा असतो. पेटी शिकलेल्यांनी ए ला सा धरून कीरवाणीचे स्वर आठवावेत: कोमल ग, कोमल ध आणि शुद्ध नी. ई सेव्हन आली की पेंटाटॉनिक सोडून या स्वरांवर या.

हे जमलं की शेजारच्या सुरातून आत शिरायला शिका. चौथ्या मात्रेला दुसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट, समोर डी मायनर येताच सहावा. पुढे चौथ्या मात्रेला पहिल्या तारेचा पाचवा, ई सेव्हन येताच चौथा. पुढची कॉर्ड तिसऱ्या मात्रेलाच डोक्यात यायला हवी. ती आल्यावर शोधाशोध सुरू केलीत तर उशीर झालाच. मधल्या मात्रा मग हळूहळू भरा, एखादी मोकळी सोडा. आणि वाजवण्याआधी ती ओळ गुणगुणून बघा. गळ्यातून निघत नसेल तर ती बोटांची सवय आहे, तुमची कल्पना नव्हे.

एक आपल्या हवेपुरतं सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी गिटार पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. पंख्याच्या खोलीतून रात्री गच्चीवर नेलीत तरी पुन्हा ट्यून करा. स्टीलच्या तारा गरम झाल्या की सूर उतरतो. घामाने त्या गंजतात, म्हणून सोलापुरी टॉवेलचा एक तुकडा केसमध्ये कायम असू द्या आणि वाजवून झालं की प्रत्येक तार खालून-वरून पुसा.

या चार कॉर्डवर हात मोकळा झाला की डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन घ्या. पहिल्या दोघींना चार-चार मात्रा, सी ला आठ. आवर्तन पुन्हा सोळाचं. डी मायनर सेव्हनवर तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट आणि दुसरीचा सहावा एकत्र छेडा. जी सेव्हन येताच तिसऱ्या तारेवरचं बोट एक फ्रेट मागे घ्या, दुसरीवरचं तिथेच राहू द्या. सी आली की दुसरीवरचं एक फ्रेट मागे. एका वेळी एकच बोट हललं आणि तिन्ही कॉर्ड ऐकू आल्या. साथ बंद करून हेच दोन सूर वाजवा. कॉर्ड तरीही कळत असतील तर ही चाल दुसऱ्या स्केलमध्ये न्यायला हरकत नाही.