काकांना बोलतं कसं करायचं (इंदूरवाल्यांसाठी, बाकीच्यांनाही चालेल)

आमच्याकडे काका भरपूर. सख्खे तीन, चुलत दोन, वर दोन मामा, आणि आत्याचे मिस्टर, त्यांनाही आम्ही काकाच म्हणतो. एवढं असूनही पणजोबा कोकणातून उठून इंदूरला का आले हे घरात कोणालाच धड माहीत नव्हतं, म्हणजे माहीत प्रत्येकाला होतं पण प्रत्येकाचं वेगळं. गेली चार वर्षं सुट्टीत घरी गेलो की मी हे गोळा करतोय. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी, काकांना समोर बसवून "तुमच्या लहानपणीच्या आठवणी सांगा ना" असं चुकूनही म्हणू नका. मी म्हटलं होतं. मोठे काका ताठ बसले, बनियनवर शर्ट चढवून आले आणि "आमच्या वेळी परिस्थिती अत्यंत बिकट होती" इथून जे सुरू झाले ते थेट सत्कार समारंभातलं भाषणच, चाळीस मिनिटं, आणि त्यात एक गोष्ट नाही. प्रश्न छोटा पाहिजे आणि वस्तूचा पाहिजे. "नर्मदेचं पाणी यायच्या आधी तुम्ही पाणी कुठून भरायचात?" एवढंच विचारून बघा. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ साली आलं, त्यामुळे ज्यांचं वय आज साठीच्या पुढे आहे त्या सगळ्यांकडे विहीर, हापसा, नळावरची भांडणं, कोणाची घागर कोणी लाथाडली, हा सगळा माल तयार असतो. आमच्या काकांनी ह्या एका प्रश्नावर रामबागेतला अख्खा वाडा उभा केला, कोणत्या खोलीत कोण राहायचं, विहिरीचा रहाट कसा करकरायचा, सोवळ्याचं पाणी कोण भरायचं, सगळं.

दुसरं म्हणजे हाताला काम द्या. शेंगा सोलायला द्या, जुन्या फोटोंचा डबा द्या, नाहीतर सरळ बाहेर काढा. आमचे धाकटे काका घरात तीन शब्दांच्या वर बोलत नाहीत, पण थंडीत रात्री सराफ्यात गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट हातात आली की वेगळाच माणूस. सराफांची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याचा बाजार भरतो, गर्दी, धूर, आवाज, रेकॉर्डिंग काहीच नीट होत नाही, पण आजोबांनी त्यांना आयुष्यात एकदाच मारलं तो किस्सा त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सांगितला. घरी आल्याआल्या मी फोनमध्ये बोलून ठेवला. हे करायचंच, सकाळपर्यंत थांबलात तर अर्धं जातं.

आता तारखा. काका लोक साल सांगत नाहीत, आणि सांगितलं तर चुकीचं सांगतात. "कधीची गोष्ट?" विचारलंत तर "असेल साठ-पासष्टची" असं उत्तर येणार. त्यापेक्षा शहराच्या घटनांना बांधून विचारा. राजवाडा जळला त्याच्या आधी का नंतर (१९८४)? नर्मदा यायच्या आधी? मध्य भारत होतं तेव्हा का मध्य प्रदेश झाल्यावर (१ नोव्हेंबर १९५६)? ह्या शेवटच्या प्रश्नातून आम्हाला एक कोडं सुटलं. मोठ्या काकांचा जन्म ग्वाल्हेरचा, १९५१, आणि घरात कोणी ग्वाल्हेरचं नाही. मध्य भारताचा कारभार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला चालायचा, आजोबा सरकारी क्लार्क, दप्तराबरोबर बिऱ्हाडही हलायचं. काका डिसेंबरचे. बस, एवढंच.

ह्याच काकांनी मला लहानपणापासून सांगितलंय की त्यांनी यशवंत क्लबच्या मैदानावर सीके नायडूंना बॅटिंग करताना बघितलं. बॅट कशी उचलली, बॉल कुठे गेला, शेजारी बसलेल्या माणसाची टोपी कशी पडली, सगळं तपशीलवार. मी मोठा झालो आणि हिशोब केला, नायडूंच्या होळकर टीमने, म्हणजे इंदूरच्या टीमने, रणजी चार वेळा जिंकली त्यातली शेवटची १९५२-५३ ची, तेव्हा काका जेमतेम सव्वा वर्षाचे. म्हणजे गोष्ट आजोबांची, काकांनी इतक्या वेळा ऐकली की स्वतःच जाऊन बसले त्या मैदानात. मी हे त्यांना सांगितलं नाही. वहीत दोन्ही लिहिलंय, गोष्ट त्यांच्या शब्दांत आणि खाली पेन्सिलने माझा हिशोब. तुम्हीही असंच करा, वाद घालू नका, काका एकदा "मग तूच सांग" म्हणाले की पुढचे सहा महिने गेले समजा.

काकूंकडे मात्र लक्ष ठेवा. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो काहीही काय, ती कुसुमआत्या नव्हतीच, ती तर तेव्हा बडोद्याला होती." हे सोनं आहे. मी सुरुवातीला असे आवाज आले की रेकॉर्डिंग थांबवायचो, गाढवपणा. आता फोन मुद्दाम दाराच्या बाजूला ठेवतो.

फोनचं थोडक्यात. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच लोनवाल्यांचा कॉल येतो. टेबलावर थेट ठेवू नका, खाली टॉवेलची घडी ठेवा, कप ठेवल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो. पंखा बंद करायला काका तयार होणार नाहीत, म्हणून सकाळी बसा. सुरुवातीला तारीख, कोण बोलतंय आणि कुठे बसलोय हे स्वतः बोला. आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा.

जुने कागद निघाले तर लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर अजिबात नाही. उजेडात खिडकीपाशी फोटो काढा. पणजोबांच्या काळचे असतील तर बरेचदा मोडीत असतात, वाचता आले नाहीत म्हणून रद्दीत टाकू नका, मोडी वाचणारे आजही मिळतात. आणि वंशावळ अडली तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे विचारा, त्यांच्या नामावळीत मूळ गाव आणि आडनावावरून पूर्वी येऊन गेलेल्यांची नावं सापडतात. फक्त मूळ गाव कोणतं हे तुम्हाला माहीत पाहिजे, आणि ते परत काकांनाच विचारावं लागतं.

मामाचं प्रकरण वेगळं. काकांना आम्ही अहो-जाहो करतो, मामाला अरे मामा. त्यामुळे जे काका सांगणार नाहीत ते मामा सांगतो. काका तुमच्या वडिलांबद्दल बोलताना भाऊ म्हणून सांभाळून घेतात, मामाला तसली अडचण नाही, त्याच्यासाठी ते जिजाजी, म्हणजे टिंगल करायला मोकळा. (हो, इंदूरला आम्ही भावजी नाही म्हणत, जिजाजीच म्हणतो, पुण्याच्या लोकांनी हसू नये.)

सल्ला मागायचा असेल तरी मामाच. पण "मी काय करू" असं विचारू नका, नुसतं आपलं चाललंय ते सांगा आणि गप्प बसा. मी मोठ्या गाडीचं लोन काढायच्या बेतात होतो. मामाने कर नको, काहीच म्हटलं नाही. त्याची मिल बंद पडली तेव्हाचं सांगायला लागला, की पहिल्या महिन्यात स्कूटर विकली आणि मग सगळ्या ओळखीच्यांना सांगत फिरला की डॉक्टरने सायकल सांगितलीय, गुडघ्यांसाठी फार चांगली. दोन वर्षं सांगितलं. मामीलाही खरं वाटायला लागलं होतं. मग सुपारी कातरत मला विचारलं, "तुझे गुडघे कसे आहेत रे?"

गाडी छोटी घेतली.

एक चूक मात्र महागात पडली. वाटणीच्या वेळी कोण काय बोललं होतं ह्याची तीन मिनिटांची क्लिप मी हौसेने फॅमिली ग्रुपवर टाकली. त्या दिवाळीला दोन काका एकमेकांच्या घरी फराळाला गेले नाहीत. तेव्हापासून नियम, काका "हे लिहू नकोस हं" म्हणाले की फोन उपडा, आणि जे रेकॉर्ड झालंय ते ज्याचं त्याला ऐकवल्याशिवाय पुढे जात नाही.

तुम्ही स्वतः काका झाला असाल तर तुमच्यासाठी एकच, गोष्टीच्या शेवटी "म्हणून बेटा" लावू नका. माझा पुतण्या दहा वर्षांचा, अर्धं मराठी अर्धं हिंदी, गोष्ट चालू असेल तोवर "फिर क्या हुआ काका" करत असतो, "म्हणून" आलं की लगेच मोबाइल मागतो. आपण कुठे आपटलो ते सांगा, त्याला तेच आवडतं.

आणि रेकॉर्डिंग लवकर बंद करू नका. "चला, झालं आता" म्हणून काका उठतात, चपला घालतात, आणि दारात उभं राहून खरं काय ते सांगतात. परवा मोठे काका एक पाय चपलेत घालून म्हणाले, "आणि त्या विहिरीत आईची पितळी कढई माझ्या हातून पडली होती, नाव मी धाकट्याचं सांगितलं. नंतर विहीर बुजवली त्यांनी. कढई आत असेल अजून."