थंडी लवकर सरली तर मधपेटीची तयारी

होळी जळाली, थंडी पळाली असं आपण म्हणत आलो. पण हल्ली पुण्यातली थंडी होळीपर्यंत थांबतेच असं नाही. २०२३ चा फेब्रुवारी सरासरी कमाल तापमानात देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. अशा वर्षी गच्चीवरच्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, पेटीची उन्हाळी तयारी एप्रिलवर टाकू नका, माघातच हाती घ्या.

आधी पेटी उघडू नका. सकाळी अकराच्या सुमाराला दाराच्या बाजूला, माश्यांची वाट सोडून, वीस मिनिटं बसा. मागच्या पायांना पिवळे, केशरी गोळे लागून येत असतील तर तो पराग. ऊब वाढली की राणी अंडी वाढवते, अळ्यांना प्रथिनं लागतात आणि ती परागातूनच मिळतात. पोट फुगलेलं, पाय रिकामे अशी माशी मकरंद आणते किंवा पाणी. त्यातलं नेमकं काय, हे दारात कळत नाही. त्यासाठी कुंड्यांची ओली माती आणि गळका नळ पाहून या. तिथे माश्यांची ये-जा असेल तर पाण्याची गरज सुरू झाली. राळेचा, म्हणजे झाडांच्या चिकट डिंकाचा, विचार सोडून द्या, सातेरी ती फारशी गोळा करत नाही.

पाण्याची सोय हे या यादीतलं सगळ्यात निकडीचं काम. पिलाव्याजवळ, म्हणजे अंडी-अळ्या वाढतात तिथे, ३४-३५ अंश राखायला माश्या पाण्याचे थेंब पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. घट्ट मध पातळ करून अळ्यांना भरवायलाही पाणी लागतं. मधासारखा त्याचा मोठा साठा त्या करत नाहीत, म्हणून खेपा रोजच्या. आणि एकदा जागा ठरली की सहसा सोडत नाहीत. एका वर्षी मी थाळी उशिरा, मार्चात ठेवली. तोवर माझ्या माश्यांनी शेजारच्या काकूंच्या धुण्याच्या दगडाशी ठाण मांडलं होतं. काकूंना एक डंख बसला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हा पसरट मातीची थाळी घ्या, खडे आणि नारळाच्या शेंड्या घाला म्हणजे माश्या बुडणार नाहीत, आणि पेटीपासून दहा-पंधरा पावलांवर, सकाळचं ऊन येईल तिथे ठेवा. दर दोन दिवसांनी थाळी घासून पाणी बदला, डासांच्या अळ्या होऊ देऊ नका. कोरडी मात्र एक दिवसही पडू देऊ नका.

मग फुलोरा पाहायला टेकडीवर एक चक्कर मारा. याच दिवसांत काटेसावर, पळस, पांगारा, गिरीपुष्प फुलतात, सोसायट्यांत शेवगा. करंज, जांभूळ त्यानंतर. घरी कोथिंबिरीचे दोन वाफे फुलावर जाऊ द्या, तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका. तुळशीवर माश्या आवडीने येतात. जवळपास आंबा मोहरला असेल तर माळीदादांना आजच भेटा. तुडतुड्यांसाठी फवारणी करायचीच असेल तर दिवस मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी तुम्हाला सांगून. हे बोलणं टाळू नका, एका सकाळच्या फवाऱ्यात कामकरी माश्या ढिगाने मरतात.

रसवंतीवर माश्या घोंघावताना दिसल्या तर मकरंद कमी पडतोय का ते तपासा. पेटी हाताला हलकी लागली तर साखर आणि पाणी समसमान घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. पाक उघड्यावरही नको, दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात.

पेटीचं तोंड पूर्वेला ठेवा, दुपारच्या उन्हासाठी वर झावळ किंवा ओलं गोणपाट टाका आणि स्टँडखालच्या वाट्यांत मुंग्यांसाठी पाणी भरा.

पेटीतल्या पोळ्याच्या चौकटी शेवटी तपासा. कधी पेटी उघडली नसेल तर आधी शिकून घ्या. १९६२ पासून पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. पिलावा कक्ष गच्च भरला असेल आणि चौकटीच्या खालच्या काठाला राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती लांबट घरं, लोंबत असतील, तर वसाहत फुटायच्या, म्हणजे काही माश्या राणीसह वेगळ्या निघून जायच्या, बेतात आहे. दुसरी रिकामी पेटी साफ करून, उन्हात तापवून हाताशी ठेवा.