कुत्र्याला घेऊन सड्यावर जाताना

गोव्यात कुत्र्याला मनसोक्त फिरवायचे म्हटले की मोले, बोंडला किंवा चोडणचे पक्षी अभयारण्य ही नावे आधी आठवतात. परंतु अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही, आणि हा निर्बंध योग्यच आहे. कुत्र्यांना होणारा कॅनाइन डिस्टेंपर वन्य प्राण्यांनाही होतो आणि २०१८ साली तो गीरच्या सिंहांमध्ये आढळला होता. त्याऐवजी गावालगतचा जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा, म्हणजे उघडे पठार, निवडावा. ओसाड दिसणारा सडाही बहुधा कोमुनिदादचा (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचा) किंवा कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि तेथे गुरे चरत असतात, म्हणून गावात विचारूनच जावे. रेबीजची लस वेळेवर दिलेली असावी, हे वेगळे सांगायला नको.

खरी काळजी उन्हाची घ्यावी लागते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जिभेवरील व श्वासमार्गातील ओलावा हवेत सोडून अंग थंड ठेवतो. गोव्याच्या दमट हवेत हा ओलावा लवकर उडत नाही, त्यामुळे तापमान फारसे नसतानाही त्याला उष्माघात होऊ शकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हा धोका अधिकच. शक्यतो सूर्योदयालाच निघावे. जांभा दगड लवकर तापतो. त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी, आणि ती टेकवणे आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली किंवा चाल लटपटू लागली, तर सावलीत नेऊन पोटावर व जांघेत साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि तसेच पशुवैद्याकडे न्यावे. पाणी पाजण्यासाठी घरूनच न्यावे, कारण साचलेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस या रोगाची लागण होऊ शकते.

पट्टा सोडू नये. दगडांच्या कपारींत फुरसे हा विषारी साप असतो, आणि कुत्रा नेमके तेथेच नाक खुपसतो. भटक्या कुत्र्यांची टोळी समोर आली तर धावू नये. पट्टा आखूड धरून सावकाश दुसऱ्या बाजूने निघून जावे. विष्ठा पिशवीत भरून परत आणावी.

घरी येताच कान, बगला आणि बोटांच्या बेचक्या चाचपून गोचिडी काढाव्यात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो रोग मुख्यतः गोचिडींमुळे पसरतो, त्यामुळे आपले कपडे व पायही तितक्याच बारकाईने तपासावेत.