सीएनसी टर्निंगचा सायकल टाइम कमी करताय? या चुका टाळा

सीएनसी लेथवर ईएन८ चा (मध्यम कार्बनचं स्टील) ५० मिमी व्यासाचा शाफ्ट. रफिंगला (जादा माल भराभर काढायला) सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट, म्हणजे टूलवर बसवायचा कार्बाइडचा कापणारा तुकडा, कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर, फीड (जॉबच्या एका फेरीत टूल सरकतं ते अंतर) ०.२ मिमी, आणि १-१ मिमीचे दोन पास. इन्सर्टच्या एका कोपऱ्यावर ४० जॉब आरामात निघायचे. सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) कमी करा असं वरून आलं आणि मी सगळ्यात सोपं तेच केलं. कॅटलॉग उघडला, त्यात स्पीडचे २४० दिसले, प्रोग्रॅममध्ये २४० टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीचा ऑपरेटर माझ्यासाठी थांबून राहिला होता. हातात इन्सर्टची डबी. "साहेब, तेवीस जॉबांत कोपरा जातोय." भिंगाखाली धरलं तर फ्लँकवर (धारेखालच्या बाजूवर) घासून चकचकीत झालेला पट्टा स्पष्ट दिसत होता.

सायकल टाइम म्हटलं की हात पहिला स्पीडकडे जातो. हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. फ्रेडरिक टेलर यांनी शंभरएक वर्षांपूर्वी मांडलेलं टूलच्या आयुष्याचं समीकरण आजही लागू पडतं. त्यातला घातांक कार्बाइडसाठी साधारण ०.२५ धरतात. म्हणजे स्पीड २० टक्के वाढवला की आयुष्य १.२ च्या चौथ्या घाताने (१ भागिले ०.२५ म्हणजे चार) घटतं, थेट निम्म्यावर येतं. आणि बदल्यात मिळतं काय? कापण्याचा वेळ फक्त १७ टक्के कमी.

क्रम उलटा हवा. आधी डेप्थ ऑफ कट (एका पासमध्ये काढायची खोली), मग फीड, आणि स्पीड अगदी शेवटी. डेप्थ वाढवल्याने टूलच्या आयुष्याला सगळ्यात कमी धक्का बसतो, फीडने त्याहून थोडा जास्त. आमच्या शाफ्टवर १-१ चे दोन पास काढून २ मिमीचा एकच पास केला असता, तर रफिंगचा वेळ निम्मा झाला असता. फीड ०.२ वरून ०.२५ केला असता तर आणखी वीस टक्के. मशीनला झेपेल का, हे आधी बघावं: डेप्थ, फीड, स्पीड आणि मटेरियलचा कापण्याचा विशिष्ट रोध यांचा गुणाकार करून ६०,००० ने भागलं की किलोवॉट मिळतात. साध्या स्टीलला हा रोध चौरस मिमीला २,००० न्यूटन धरला तर २ × ०.२५ × २०० × २,००० भागिले ६०,००० म्हणजे ३.३ किलोवॉट. छोट्या लेथलाही हे जड नाही. मोठ्या व्यासावर मात्र सावध राहा. आरपीएम कमी असताना स्पिंडल मोटर पूर्ण ताकद देत नाही, आणि पाटीवरचे किलोवॉट पाहून घेतलेला कट तिथे अडकतो.

चिप लांब येऊन चकला गुंडाळायला लागली की बरेच जण घाबरून फीड कमी करतात. त्याने चिप आणखी पातळ होते, तुटतच नाही, आणि जंजाळ वाढतं. इन्सर्टवरचा चिपब्रेकर ठरावीक फीड आणि डेप्थच्या पट्ट्यातच काम करतो. हा पट्टा बहुतेक वेळा इन्सर्टच्या डबीवरच छापलेला असतो, तो वाचा. फीड वाढवून पाहा. स्वल्पविरामासारखी आखूड, वळलेली चिप ट्रेमध्ये टपटप पडायला लागली की समजा जमलं. स्टीलमध्ये चिप निळी येतेय म्हणून स्पीड उतरवू नका, उष्णता चिपबरोबर बाहेर जाणं चांगलंच.

फिनिश खराब आली की स्पीड कमी करायची सवयही अशीच. हायस्पीड स्टीलच्या टूलवर शिकलेल्यांच्या हातात ती बसलेली असते. कार्बाइडला मऊ स्टीलवर कमी स्पीड दिला की धातू टूलच्या धारेवर चिकटून बसतो, तुटतो, परत चिकटतो, आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा दिसतो. तिथे स्पीड वाढवायचा असतो. बाकी फिनिश ठरते फीड आणि नोज रेडियसवर (इन्सर्टच्या टोकाची गोलाई): फीडचा वर्ग भागिले रेडियसची आठपट. ०.८ रेडियस आणि ०.२ फीडला खाचांची उंची ६.२५ मायक्रॉन, ०.१ फीडला दीड मायक्रॉनच्या आसपास. फीड निम्मा, खाचा पाव.

पण फिनिशिंगला फक्त ०.१ मिमी माल ठेवून ०.८ रेडियसचा इन्सर्ट लावला तर तो कापण्यापेक्षा घासतो जास्त. बारीक शाफ्ट त्या दाबाने मागे सरतो आणि मधला व्यास मोठा येतो. ऑपरेटर बिचारा दिवसभर ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) बदलत राहतो. अशा जॉबला ०.४ रेडियस घ्या आणि बाजूला ०.३ ते ०.५ मिमी माल ठेवा. एसएस ३०४ ला (स्टेनलेस स्टील) तर हे फारच महत्त्वाचं. घासलं की त्याचा वरचा थर कडक होतो आणि पुढचा पास त्याच कडक थरात चालतो.

बोरिंगमध्ये (भोक आतून मोठं करताना) आवाज येतोय? फीडशी खेळण्याआधी टूल धरणारा बार किती बाहेर आहे ते मोजा. स्टीलचा बार व्यासाच्या तीन-चारपटीपर्यंत ठीक. वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. तीनपटीवरून चारपटीवर गेलात की ते सव्वादोनपटीहून जास्त.

आता जिवावर बेतणारी चूक. जी९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावून फेसिंग (जॉबचं तोंड सपाट) करताना टूल केंद्राकडे जातं तसा आरपीएम चढत जातो. २०० मीटर स्पीडला १० मिमी व्यासावर ६,३६६ होतो, केंद्राशी मशीनची कमाल मर्यादा. आरपीएमच्या वर्गाने चकचे जॉ (जॉब पकडणारे जबडे) बाहेर फेकले जाण्याचा जोर वाढतो आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड सैल होते. म्हणून फॅनुक कंट्रोलवर जी५० एस २००० सारखी आरपीएमच्या मर्यादेची ओळ जी९६ च्या आधी असलीच पाहिजे. ती मर्यादा चकच्या पाटीवरून आणि जॉबच्या वजनावरून ठरवा. आणि ड्रिल जी९६ मध्ये कधीच चालवू नका. ड्रिल एक्स शून्यावर असतं, त्यासाठी जी९७, म्हणजे कायम आरपीएम.

राहिला प्रश्न, कॅटलॉगमधले २४० खोटे होते का? नाही. अनेक कॅटलॉगमधला स्पीड १५ मिनिटांच्या आयुष्यासाठी दिलेला असतो, हे मी वाचलंच नव्हतं. आपल्याला किती आयुष्य परवडतं ते आपणच काढायचं. समजा इन्सर्ट २८० रुपयांचा, चार कोपरे, म्हणजे कोपरा ७० रुपये. मशीनचा तासाचा दर ४००, म्हणजे मिनिटाला ६.६७. कोपऱ्याची किंमत साडेदहा मिनिटांइतकी झाली. कोपरा फिरवायला २ मिनिटं, बेरीज साडेबारा. ०.२५ घातांकाला याची तिप्पट (१ भागिले ०.२५, वजा १), म्हणजे सुमारे ३७ मिनिटं टिकेल असा स्पीड सगळ्यात स्वस्त. २४० ला १५ मिनिटं, तर ३७ मिनिटांना १९० च्या आसपास. आमचे जुने २०० जवळपास बरोबरच होते. तासाला १,५०० दराच्या मशीनवर हाच हिशेब १४ मिनिटांवर येतो, आणि तिथे २४० खुशाल चालवा.