रानातले फासे कसे शोधावेत

चोरटे शिकारी जनावरं पकडायला तारेचे फासे त्यांच्या रोजच्या वाटेवर लावतात. म्हणून पाणवठ्याकडे जाणारी पायवाट, कुंपणातली भोकं आणि झुडपांतल्या फटी आधी पाहा. तिरप्या उन्हात तार चमकते. दोन्ही बाजूंना फांद्या रोवून जनावराला एकाच फटीकडे वळवलेलं दिसलं, तर फासा बहुधा तिथेच असतो. अनेकदा गाडीच्या ब्रेकच्या केबलचा. एक सापडला की आसपास आणखी शोधा.

लांब ताणलेल्या तारेला मुळीच हात लावू नका, तिच्यात वीज सोडलेली असू शकते. फोटो काढा, जागा नोंदवा, वनखात्याला कळवा. त्यांनी सांगितल्यावर फाशाची तार खुंटीपासून काढून सोबत न्या. तिथेच टाकली तर पुन्हा लावली जाते. जनावर अडकलेलं असेल तर लांबच थांबा. घाबरून ते जितकं ओढेल, तितकी तार रुतते.