जुन्या दुनळीत बिनशिशाचं काडतूस: पैसे वाचवण्याच्या नादात होणाऱ्या या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कितीतरी वाड्यांत निजामाच्या काळात घेतलेली बारा बोअरची विलायती दुनळी आजही आहे. लायसन पिढी दर पिढी वारसाने पुढे आलेलं, नळी मात्र तीच. आता त्या मंडळींच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय: शिसं विषारी, म्हणून बिस्मथचे नाहीतर पोलादी छर्रे आणायचे आणि काडतूस घरीच भरायचं, म्हणजे स्वस्तात पडतं. ते स्वस्तात पडत नाही, आणि चुकलं तर नळी जाते.

पहिली चूक कायद्याची. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचं लायसन म्हणजे काडतूस भरण्याचं लायसन नव्हे. तो परवाना हातात नसेल तर काडतूस भरायच्या यंत्राची चौकशीसुद्धा करू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत आधी लेखी विचारा. बिनशिशाचा हट्टही कुठून आला ते समजून घ्या. अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद आहेत, कारण तळ्याच्या गाळात पडलेले छर्रे बदकं खड्यांबरोबर गिळतात आणि शिसं भिनून मरतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती शिकारच बंद आहे. पैठणच्या नाथसागरावरच्या बदकावर शिशाचे छर्रे चालत नाहीत आणि बिस्मथचेही चालत नाहीत. शेतात घुसणारं रानडुक्कर किंवा रोही असेल तरी वनखात्याची लेखी परवानगी आधी, बंदूक नंतर.

आता सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, न मोजता काडतूस घालणं.

जुन्या इंग्लिश दुनळीचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरचं. हल्लीची बरीच काडतुसं 70 मिलिमीटरची. होतं असं: माणूस 70 चं काडतूस घालतो, ते आरामात बसतं, बंदूक बंद होते, बारही होतो. मग तो छातीठोक सांगतो, "बसतंय की!" बसणारच. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर उघडलेल्या खोक्याची, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याची, असते. दुमडलेलं तोंड असलेलं न वाजलेलं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं. बार होताना दुमड उघडते आणि तिचं टोक चेंबरच्या पुढे, नळी जिथे निमुळती होते तिथे जाऊन अडकतं. वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधली गादी) आणि छर्रे त्या अरुंद जागेतून रेटले जातात, दाब वाढतो. पहिल्या बारात काही दिसत नाही. नंतर खांद्याला धक्का जास्त बसायला लागतो, वाजलेल्या खोक्याचं तोंड कातरल्यासारखं फाटलेलं निघतं, नळ्या जिथे बंद होऊन अडकतात ती जागा ढिली होते, बंद बंदूक हलवली की नळ्या खुटखुट वाजतात. तोवर दुरुस्तीचा खर्च काही वर्षांच्या काडतुसांच्या खर्चापुढे गेलेला असतो.

उपाय सोपा आहे, पण घाईच्या माणसाला तो नको असतो. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या करा आणि खालच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगाने वाचा. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के, 'नायट्रो प्रूफ' (आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली) अशी अक्षरं, चेंबरची लांबी. 1954 च्या आधीच्या शिक्क्यांत बहुधा छर्र्यांचं वजन औंसात असतं. 1⅛ औंस म्हणजे 32 ग्रॅम. त्यानंतरच्यांत दाब टनांत. नायट्रोचा शिक्का नसेल, किंवा नळीवर लाकडाच्या रेषांसारखी दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेल्या नळीची) नक्षी असेल, तर ती बंदूक आजच्या काडतुसाने वाजवायचीच नाही. शिक्का झिजला असेल तर परवानाधारक कारागिराकडून गेजने मोजून घ्या. घरच्या पट्टीवर भरवसा ठेवायचा नाही. आणि कोणीतरी कधीकाळी चेंबर लांब करून घेतलं असेल तर लांबी जुळूनही भिंत पातळ झालेली असते. म्हणून नळीची जाडीही त्याच बैठकीत मोजून घ्यायची.

पोलादी छर्रे: जुन्या, पातळ, घट्ट चोकच्या (तोंडाशी अरुंद केलेल्या) नळीत नकोच. पोलाद शिशासारखं दबत नाही, चोकपाशी नळी फुगते. प्लॅस्टिकच्या पेल्याचा वॅड वापरला तरी जुन्या बंदुकीच्या बाबतीत हा विषय इथेच संपतो.

बिस्मथ जुन्या नळीला चालतो, म्हणून हिशोबाची दुसरी मोठी चूक त्याच्याभोवतीच होते. शिशाची घनता सुमारे 11.3, बिस्मथच्या छर्र्यांची 9.6 च्या आसपास, पोलादाची 7.8. शिशासाठीची 32 ग्रॅमची मापी (छर्रे भरायचं छोटं माप) बिस्मथने भरली की साधारण 27 ग्रॅमच पडतात, पोलादाने 22. माणसाला वाटतं 32 भरले. मग "बार हलका झाला" म्हणून तो दारू वाढवतो. इथेच हात आणि डोळे जातात. छर्रे मापीने नाही, तराजूने मोजायचे. दारू, टोपी (दारू पेटवणारी), वॅड, खोकं आणि छर्रे हे पाचही दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील कोष्टकातल्या एकाच ओळीतले हवेत. वॅड मिळाला नाही म्हणून दुसरा घातला, तर कृतीच बदलली. कोष्टकात नसलेला अंदाज म्हणजे प्रयोग, आणि प्रयोग शंभर वर्षांच्या नळीत करायचा नसतो.

पैशाचं गणित कागदावर मांडा. एक किलो छर्र्यांत 28 ग्रॅमची 35 काडतुसं होतात, 32 ग्रॅमची 31. शिशाच्या काडतुसात छर्रे हा खर्चाचा एक भाग असतो. बिस्मथमध्ये जवळपास सगळा खर्च छर्र्यांचाच. त्यामुळे जुनी खोकी जपून, टोप्या घाऊक घेऊन जे वाचतं ते चिल्लर. समजा यंत्र, तराजू आणि बाकी सामानाला 30,000 रुपये गेले आणि काडतुसामागे 30 रुपये वाचले. हजार काडतुसं वाजली की यंत्राचे पैसे फिटतात. वर्षाला 40 वाजवणाऱ्याला त्यासाठी 25 वर्षं लागतील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. परदेशात दर आठवड्याला नेमबाजीच्या मैदानावर जाणाऱ्याला हे परवडतं, पीक राखणाऱ्याला नाही. बिस्मथ 271 अंशांना वितळतो हे वाचून चुलीवर छर्रे पाडायला निघालेल्यांनी तर थांबावंच: तो मुळात ठिसूळ, म्हणून त्यात कथील मिसळतात, आणि घरी पाडलेला छर्रा नळीतच तुटतो.

थोडक्यात बाकीच्या चुका. काडतुसं पत्र्याखालच्या लोखंडी पेटीत मे महिन्यात ठेवू नका, उष्णतेने दारूचा दाब वाढतो. माळवदाच्या घरातल्या थंड, कोरड्या कोनाड्यात कुलपात ठेवा. बंदुकीच्या घोडा-पिनच्या पुर्ज्यांना करडईचं तेल तर कधीच नको. ते हवेने सुकून डिंकासारखं चिकटतं आणि पिन टोपीवर नीट आदळत नाही. बंदुकीचं पातळ तेल, दोन थेंब, बस. दस्त्याला मात्र जवसाचं तेल बोटाने चोळून पुसून घ्यायचं, नाहीतर आपल्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं.

पावसाळ्यात खुंटीवर टांगलेल्या नळीत कुंभारीण मातीचं घर करते. बार करण्याआधी प्रत्येक वेळी उजेडाकडे धरून दोन्ही नळ्या पाहा; आत काळी वर्तुळाकार सावली दिसली तर नळी फुगलेली आहे, ती कारागिराकडे. वीस बोअरचं काडतूस घरात असेल तर बारा बोअरच्या काडतुसांच्या खिशात पडू देऊ नका. ते बारीक असल्याने पुढे सरकून नळीत अडकतं, मागून बारा बोअरचं घालून बार केला की नळी फाटते. वीसची खोकी पिवळी असतात ती याचसाठी.

काडतूस वाजलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान 30 सेकंद थांबा, मग उघडा, आणि ते काडतूस पुन्हा घालू नका.