सहाशे किलोमीटर आणि पन्नास सेकंद: जुनी गाडी दोन्हींसाठी कशी तयार करावी

पहिले सहा महिने इंजिनाला हात लावायचा नाही. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला, कारण तो जोडकार्ब्युरेटरचे फोटो मोबाइलमध्ये भरून आला होता. पण मी माझी गाडी एकदा उलट्या क्रमाने केलेली आहे. आधी जोर वाढवला आणि मग जागोजागी थांबत हिंडले.

गाडी १९७२ची बीएमडब्ल्यू २००२. १९९० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चार गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम, वजन साधारण एक टन. तिच्याकडून मला दोन कामं हवी होती. वर्षातून एकदोनदा लांबचा प्रवास, आणि अधूनमधून एखाद्या रविवारी ऑटोक्रॉस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोकळ्या डांबरी मैदानावर ट्रॅफिकचे कोन मांडून नागमोडी मार्ग आखतात आणि एका वेळी एकच गाडी सोडतात. स्पर्धा फक्त घड्याळाशी. फेरी मिनिटभरात आटोपते आणि बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच जातो. अमेरिकेतल्या एससीसीए या मोटार क्लबच्या नियमांप्रमाणे कोन पाडला की दर कोनामागे दोन सेकंद वेळेत वाढतात.

सुरुवात पत्र्यापासून. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि खालून ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला भद्द. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे लोहचुंबक चिकटत नाही. या मॉडेलमध्ये स्टेपनीचा खळगा, मागचे शॉकअप वर जिथे बसतात ती जागा, दारांखालचे पट्टे आणि पुढची मडगार्डं आधी जातात. दारांखालच्या पट्ट्यांची परीक्षा सोपी आहे: गाडी बाजूने जॅकवर उचला आणि दार उघडून-लावून बघा. जमिनीवर नीट लागणारं दार आता घासायला लागलं, तर सांगाडा वाकतोय. वेल्डिंग झाल्याशिवाय पुढचा एकही पार्ट मागवू नका. आणि गाडीखाली शिरताना घोड्या, म्हणजे जॅकस्टँड, लावायच्याच. नुसत्या जॅकच्या भरवशावर पाच मिनिटंसुद्धा नाही.

मग ब्रेक. जुन्या रबरी ब्रेक होजला बाहेरून काही झालेलं दिसत नाही, पण आतून तो सुजतो. पाय दाबला की ऑइल जोरात पुढे जातं, पाय काढल्यावर परत यायला वाट मिळत नाही. चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते, आणि आपण कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागाला, दोष देत बसतो. होज सगळे बदला, जोडीने. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, म्हणून दर दोन वर्षांनी नवं. ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढताना सहसा मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. पेडल स्पंजासारखं लागतंय तोवर काम संपलेलं नाही, मग कितीही वाजलेले असोत.

रेडिएटर साफ, सगळे होज आणि क्लिपा नव्या, थर्मोस्टॅट नवा, झाकण नवं. झाकणाला कोणी महत्त्व देत नाही, पण त्यातल्या स्प्रिंगमुळेच आत दाब धरला जातो आणि पाणी शंभर अंशांच्या वर उकळतं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही सगळ्या बदला. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं.

आता वायरिंग. इथे जरा थांबते, कारण माझी फजिती इथेच झाली. रात्र, पाऊस, मुक्काम अजून चाळीस किलोमीटर. हेडलाइट आणि वायपर चालू केले की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे चढायचा. मी तीनदा कडेला थांबले. बॉनेट उघडलं, रेडिएटरजवळ हात धरला. गरम होतं, पण उकळायला आल्यासारखं अजिबात नाही. पाणी गळत नव्हतं, पंखा फिरत होता. तिसऱ्या वेळी भाचा शेजारच्या सीटवरून म्हणाला, ‘मावशी, काटा इंडिकेटरबरोबर नाचतोय बघ.’ खरंच. इंडिकेटरच्या प्रत्येक टिकटिकीला काटा केसभर वर, केसभर खाली. तापलेलं इंजिन काही असं ताल धरत नाही. डॅशबोर्डमागची तपकिरी वायर, म्हणजे मीटरची अर्थ (वीज बॉडीतून परत जायची वाट), जिथे बोल्टने बॉडीला बसते तिथे मी तीन महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने रंग मारला होता. दोन हात सुंदर, गुळगुळीत, चकचकीत रंग. वीज जायला जागाच नाही. खिशातल्या चाकूने बोल्टखालचा रंग खरवडला, पत्रा चांदीसारखा दिसायला लागेपर्यंत. बोल्ट घट्ट केला आणि काटा मध्यावर येऊन गुमान बसला.

तेव्हा रंगकाम झालं की प्रत्येक अर्थ उघडा, घासा, परत बसवा आणि वरून थोडं ग्रीस लावा. इंजिनाच्या अर्थची परीक्षा मल्टीमीटरने होते. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर अर्थची पट्टी किंवा तिचा जोड खराब आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. हेडलाइटला रिले (छोट्या करंटवर चालणारा, मोठा करंट सोडणारा स्विच) नसेल तर लावून घ्या. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा सगळा करंट स्विचमधून जातो. मग दिवे मंद आणि स्विच गरम.

इतकं झालं की गाडी विश्वासाची झाली. आता ती वळवायची.

स्टिअरिंगचे सांधे आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतले सगळे बुश (रबरी गाद्या) पाहा. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग, डावी-उजवीकडे लागला तर बहुधा टायरॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा. इथे दोन्ही कामांची वाट वेगळी होते. कडक प्लास्टिकचे बुश ऑटोक्रॉसला चोख उत्तर देतात, पण सहाशे किलोमीटरनंतर दात खिळखिळे करतात. मी पुढे कडक आणि मागे रबरी ठेवले आहेत, आणि तडजोड म्हणून ते मला पटलंय. शॉकअप चांगले घ्या. पैसा घालायचाच तर तो इथे. गाडी फार खाली बसवू नका. स्प्रिंगला हलायला जागा उरली नाही, तर शॉकअप कितीही भारी असला तरी खड्ड्यात आदळतोच.

अलाइनमेंटचंही तसंच. पुढच्या चाकांना बाहेरच्या दिशेने तोंड दिलं तर गाडी वळणात झटकन शिरते, पण हमरस्त्यावर सतत भरकटते. मी टो (चाकांचं आत-बाहेर तोंड) शून्यावर आणि पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) एक ते दीड अंश निगेटिव्ह, म्हणजे वरची कड आत, ठेवते. मागचा जाड अँटीरोल बार, म्हणजे वळणात गाडी कलू न देणारा दांडा, लावायचा मोह होतो. या गाडीत जपून. मागची सस्पेन्शन सेमी-ट्रेलिंग आर्मची (चाकं तिरप्या दांड्यांवर हलणारी) आहे, म्हणजे भर वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की शेपूट आधीच बाहेर यायला बघतं. जाड बार त्याला आणखी ढकलतो.

टायरची नक्षी पाहू नका, तारीख पाहा. बाजूच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचं रबर नक्षी कोरी असली तरी दगड झालेलं असतं. मी अशाच टायरांवर पहिल्या ऑटोक्रॉसला गेले आणि तिसऱ्या वळणावर गाडी स्वतःभोवती फिरून उलट तोंड करून उभी राहिली.

प्रवासासाठी मी जे काही केलं त्यात सर्वांत कामाची निघाली पाच गिअरची पेटी. मूळच्या चौथ्यात शंभरच्या वेगाला इंजिन सव्वातीन हजारांच्या आसपास फिरतं. तासाभराने डोकं भणभणतं. नंतरच्या ३२०आय मॉडेलची गेट्राग पेटी या गाडीत बसवता येते. प्रोपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करावा लागतो आणि पेटीचा मागचा आधार बदलावा लागतो. पाचव्या गिअरला आरपीएम साधारण वीस टक्क्यांनी उतरतात आणि मागच्या सीटवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं.

आणि इंजिन? आधी कॉम्प्रेशन मोजा, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ हवेत. थंड इंजिनवर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट ०.१५ ते ०.२० मिलिमीटर. डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि एक नीट जमवलेला कार्ब्युरेटर. बस. तिखट कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या) जोर वरच्या आरपीएमला येतो. ऑटोक्रॉसच्या वळणांतून बाहेर पडताना तुम्ही त्याच्या बरेच खाली असता. भाच्याला हे पटलेलं नाही.

मैदानावर जाण्याच्या आदल्या रात्री बॅटरीचा क्लॅम्प हलवून बघा. अॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल खटकन मिटतोय ना, चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळलेत ना, हे तपासा, कारण तिथली तपासणारी मंडळी हेच बघतात. सकाळी डिकी रिकामी करा, पायाखालचे मॅटही काढा. टायरच्या कडेला खडूच्या रेघा ओढून एक फेरी मारा. रेघ कडेवरून खाली बाजूपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे. मी दोन पौंड वाढवते, परत रेघ ओढते, वहीत आकडा लिहिते.

संध्याकाळी जादा फॅनबेल्ट, डिस्ट्रिब्युटरचा रोटर, एक होज आणि हत्यारं परत डिकीत ठेवायची, नट पुन्हा एकदा आवळायचे. वाढवलेली हवा मात्र गरम टायरवर मोजून उतरवू नका. आकडा फसवतो आणि सकाळी टायर बसके निघतात. तासभर गाडी सावलीत उभी राहू द्या, मग वहीतला प्रवासाचा आकडा बघा.